न भाजलेला हात

डिचोलीच्या बाजारात रातांबे आले की मला आधी त्यांचा वास येतो आणि मग ते दिसतात. आंबट, किंचित गोडसर, उन्हात तापलेल्या टोपलीचा वास. यंदा आले तेव्हा मी भाजीवालीशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होते. ती अर्धवट टाकून मी वळले आणि नको तेवढे रातांबे घेऊन घरी आले. आमच्याकडे आता रातांब्याची सोलं, म्हणजे आमसुलं, कोणी वाळवत नाही. पाकिटात मिळतात, ती बरीही असतात. तरी मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले आणि एकेक फोडायला लागले. थोड्याच वेळात दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले. सून डोकावली आणि घाबरून म्हणाली, आई, हात कापला की काय. मी म्हटलं, कापला नाही गं, भाजलाय. तिला काही कळलं नाही. कळण्यासारखं मी सांगितलंही नव्हतं.

माझा डावा हात एकदा भाजला होता. खरं तर भाजला नव्हता, पण भाजण्याचं सगळं त्याच्या वाट्याला आलं. गोवा राज्य झालं त्या वर्षीचा वैशाख होता. माझं माहेर पेडण्यात, हळर्णच्या अलीकडे. काजू संपत आलेले, फणसाचा वास घरभर, आणि अंगणात सुपात, चटईवर, बाबांच्या जुन्या धोतरावर, मिळेल तिथे सोलं वाळत घातलेली. अंगण ओलांडायचं तर पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडे. आईचं सगळं लक्ष आभाळाकडे असे. एखादा चुकार ढग दिसला तर ती त्याच्याकडे अशी बघायची की तो मुकाट निघून जायचा.

देवळाचा वर्धापनदिन वैशाखातच यायचा आणि त्या दिवशी गावकऱ्यांचं नाटक असे. आमच्या भागात नाटकाशिवाय देवाचा कुठलाच दिवस पार पडत नाही. देवालाही आता सवय झाली असावी. त्या वर्षी तर गावात भाषेवरून रण माजलेलं. चहाच्या दुकानात कोकणी की मराठी यावरून दिवसभर तोंड वाजवलेली माणसं संध्याकाळी तालमीला एकत्र यायची, कोकणीतून एकमेकांचा उद्धार करायची आणि मराठीतून संवाद म्हणायची. त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

नाटक सामाजिक होतं. नायिका जळत्या घरातून एका पोराला वाचवते, तिचा हात भाजतो. तिसऱ्या अंकात ती पदर बाजूला करते, हात दाखवते आणि गैरसमजाने तिला टाकून गेलेला नायक ढसाढसा रडतो. सगळं नाटक त्या हातावर उभं होतं. शेजारच्या गावाने अशाच एका प्रसंगात नटीच्या हाताला कुंकू आणि खोबरेल फासलं होतं. नायक रडायला लागला आणि प्रेक्षक हसायला. त्यांची पुढे वर्षभर चेष्टा झाली, आणि चेष्टा करण्यात आमचं गाव सगळ्यात पुढे होतं. आता पाळी आमची होती.

ती जखम करायचं काम भाईने अंगावर घेतलं. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, मधू. तो डिचोलीला खनिजाच्या ट्रकांवर रंगकाम करायचा. ट्रकाच्या पाठीवर कमळ, दारावर गरुड, कपाळावर मालकाच्या मुलीचं नाव. शनिवारी घरी यायचा तेव्हा केसांत खाणीची तांबडी धूळ आणि नखांत हिरवा नाहीतर निळा रंग असे. दर वर्षी नाटकाच्या दिवशी मूळचे सावंतवाडीचे रंगभूषेचे मास्तर यायचे. भाई त्यांच्या पेटीपाशी उभा राहून त्यांच्या हाताखाली काम करायचा. मास्तर एरवी मुंबईत असत, नाटक-सिनेमाची कामं करत. त्या वर्षी ठरवाठरवीला आले तेव्हा त्यांनी भाईला बाजूला घेऊन सांगितलं की आता माझा हात थरथरतो, मुंबईला मला सोबत माणूस लागेल. या नाटकातली भाजलेली जखम तू कर. साधली तर नाटक झालं की माझ्याबरोबर चल. मिशा चिकटवायच्या डिंकाची एक लहान बाटली त्यांनी त्याला देऊन ठेवली.

भाईने हे घरी जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, ट्रक रंगवतोस तेच बरं आहे, ट्रक कुठे पळून जात नाहीत. आईने त्याच्या पानात न विचारता आणखी भात वाढला. तिला तो घरात हवा होता, अगदी सरळ. आणि त्याला जायचं होतं, तेही अगदी सरळ. मला मात्र त्याची जखम साधायलाही हवी होती आणि तो राहायलाही हवा होता. सतराव्या वर्षी माणूस असल्या दोन गोष्टी एकदम मागतो आणि त्यात आपण फार काही मागतोय असं त्याला वाटत नाही.

नायिकेचं काम करणारी नटी बाहेरून यायची, तीही नाटकाच्या दिवशीच. मग सराव करायला हात कुणाचा? माझी बारावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता, आणि आईच्या मते माझे हात तसेही रिकामेच होते. डावा भाईला मिळाला. उजव्याने मी सोलं उलटायची.

पहिल्या दिवशी त्याने डिंकावर कापूस लावला. तो वाळल्यावर माझ्या हातावर उशी फाटल्यासारखी दिसत होती. मग पतंगाचा कागद झाला, मग जुन्या छत्रीचं कापड. भाईला राग आला की तो बोलत नसे, नुसता टर्पेंटाइनने ब्रश धूत बसे. ब्रश वापरलेला नसला तरी. एका सकाळी आईने त्याच्यापुढे पेज ठेवली आणि तो जेवायचा सोडून ताटलीकडे बघत बसला. पेज निवली की तिच्यावर पातळ साय धरते. त्याने कुलेरच्या, म्हणजे चमच्याच्या, टोकाने ती साय अलगद उचलली आणि माझ्या हातावर डिंक लावून तिच्यावर पसरली. आई म्हणाली की पेज पोटात घालायची असते. आम्ही दोघांनी ऐकलं नाही. भाईने विंझण्याने वारा घातला. साय वाळत गेली, आक्रसली, तिला बारीक सुरकुत्या पडल्या. मग त्याने टाचणीने ती मध्ये फाडली आणि फाटलेल्या कडा आपोआप वर वळल्या. मला माझ्याच हाताकडे बघवेना.

लाल रंगाला घरात तोटा नव्हता. रातांब्याचा रस कापसाच्या धाग्यांत मुरवून त्याने तो फटीत भरला. वरून भिरंडेल लावलं. रातांब्याच्या बिया कुटून, उकळून जे तेल निघतं ते थिजतं. त्याचे मुठीने वळलेले गोळे आमच्याकडे प्रत्येक घरात करवंटीत ठेवलेले असतात. टाचा फुटल्या, ओठ उलले, कुणाला चटका बसला की तेच लावायचं. भाईला त्याची चकाकी हवी होती. तरीही त्याचं समाधान होईना. तो म्हणायचा, हा हात कापल्यासारखा वाटतो, भाजल्यासारखा नाही. गॅरेजमध्ये एका ड्रायव्हरच्या दंडावर उकळतं पाणी उडालं होतं. भाईनेच त्याच्यावर बाल्दी ओतली होती. भाजलेल्यात लाल सगळ्यात कमी असतो, असं तो सांगायचा. कुठे पांढरं पडतं, कुठे करडं, कडेला कसला तरी निळसर रंग येतो, आणि तोच त्याला सापडत नव्हता.

तो सापडला भांडी घासताना. भाई कामावर गेला होता, शनिवारी आला की पुन्हा हात मागणार म्हणून मी रातांब्याचे डाग काढायला चुलीतली ओली राख हातावर चोळली. लाल रंग बघता बघता करडा झाला आणि मग निळसर काळपट. मी धुतला तरी त्याची कड राहिली. शनिवारी भाईने उंबरठ्यावरूनच तो हात बघितला, पिशवी खाली टाकली आणि विचारलं की हे काय लावलंस. त्या दिवशी तो हसला. तालमी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच.

मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त आठवतं ते हे हात धरून बसणं. सोप्यावर, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, उजेडात, भाई माझं मनगट गुडघ्यावर ठेवून तास न् तास खाली मान घालून बसायचा. त्याचा श्वास कोपराशी लागायचा. विंझण्याचा वारा, टर्पेंटाइनचा वास, अंगणात सोलांवर बसणाऱ्या माश्यांची गुणगुण. तो मध्येच ट्रकवाल्यांच्या गोष्टी सांगायचा, मध्येच मुंबईच्या, जिथे तो अजून गेला नव्हता. बहीण-भावांनी इतका वेळ एकमेकांचा हात धरून बसायचं आमच्याकडे काही कारणच नसतं. राखीपुरता धरतात आणि सोडतात. मला ते दर रविवारी सकाळी मिळालं, दुपारी मिळालं, आणि त्यासाठी भाजून घ्यायची माझी रोज तयारी होती.

नाटकाला थोडे दिवस राहिले तेव्हा भाईने ठरवलं की आता परीक्षा घ्यायची. कुणाची, तर आईची. मी म्हटलं, गावाला फसव की. तो म्हणाला, "गावाक फसवप सोपां. आई फसली तर खरां."

दुपारची वेळ. आई मागच्या पडवीत आदोळीवर रातांबे फोडत बसली होती. आदोळी म्हणजे आमची विळी. भाईने मला सांगितलं होतं की ओरडायचं नाही, रडायचं नाही, काही बोलायचंच नाही. फक्त जाऊन हात पुढे करायचा. मी केला. आईने वर बघितलं आणि ती मुळीच किंचाळली नाही. तिने आदोळी पायाने बाजूला सारली, हात पदराला पुसले, मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. फुंकर घालत राहिली. मग उठून करवंटी आणली, भिरंडेलाचा गोळा दोन बोटांत चोळून मऊ केला आणि कडेकडेने लावायला लागली. बाहेरून आत, इतक्या हळू की मला तिचं बोट जेमतेम कळत होतं. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी. मला गप्प बसवेना, पण भाई दारात उभा होता.

मग तिच्या बोटाखाली ती साय निघाली. आईने आपल्या बोटाच्या टोकाला चिकटलेला तो पेजेचा तुकडा बघितला. वास घेतला. पुन्हा माझ्या हाताकडे, मग दाराकडे बघितलं. आता ती आम्हा दोघांना चांगलीच बडवणार असं मला वाटलं आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"जमलां रे तुका," ती म्हणाली. मग बोट पदराला पुसून, "आता तू घरांत रवचो ना."

तो आता घरात राहणार नाही, एवढंच बोलून तिने मीठ आणि मिरच्या आणल्या, माझ्या हातावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. जखम नसलेल्या हाताची दृष्ट निघालेली मी तरी दुसरी पाहिलेली नाही. मिरच्यांचा खकाणा उठला, आम्ही तिघंही खोकत राहिलो आणि डोळ्यांतल्या पाण्याला तेवढं निमित्त मिळालं.

नाटकाच्या दिवशी भाईने दुपारीच पेज शिजवून रंगपटात, म्हणजे देवळामागच्या खोलीत, ताटात ओतून निवत ठेवली होती. जखमेची पेज. तिच्यावर साय चांगली धरली होती. संध्याकाळी नायक आला. नायक म्हणजे आमच्या वाड्यावरचा सोयरू, खनिजाचा ट्रक चालवायचा. शेवटची खेप टाकून तो थेट तिथेच आलेला, पोटात सकाळपासून काही नाही. देवळाच्या मागे ताटात पेज आहे, शेजारी लोणच्याची बरणी आहे. आमच्या माणसाला याहून वेगळं काय वाटणार? गावाने नटांसाठी सोय केली असं समजून त्याने ती सगळी जेवून टाकली. साय पहिली, कारण ती त्याला फार आवडायची. भाई नटीला घेऊन आला तेव्हा सोयरू रिकामं ताट विसळत होता आणि पेज जरा पातळ होती असं मत देत होता.

देवळाला सगळ्यात जवळचं घर आमचं. भाईने मला पिटाळलं. मी धापा टाकत स्वयंपाकघरात जाऊन आईला झालं ते सांगितलं. ती नवं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून नाटकाला निघण्याच्या तयारीत होती. चूल विझवलेली. आता पेज कशी होणार, असं ती म्हणाली असती तर ते चुकीचं नव्हतं. कुणी तिला दोष दिला नसता. मास्तर एकटे परत गेले असते, भाई सोमवारी डिचोलीला कामावर गेला असता. मी तिच्याकडे बघत उभी होते आणि तिने काय करावं असं मला वाटत होतं ते मला आजही सांगता येत नाही.

तिने नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि चूल पेटवली. उकड्या तांदळांत मूठभर सुरय घातले, म्हणजे न उकडलेले, त्याने साय दाट धरते. पेज रटरटली तशी ताटात ओतली आणि ताटापाशी बसून स्वतः विंझण्याने वारा घालत राहिली. भाई माझ्या हातावर घालायचा तसाच, संथ. तिच्या कपाळावर घाम आला होता, अबोलीचा वळेसर मानेवर घसरला होता. साय धरली का हे ती वाकून वाकून बघायची. मग ताट हिंदकळू नये म्हणून ते माझ्याकडेही न देता ती स्वतः देवळापर्यंत घेऊन गेली. भाईच्या हातात देताना तिने सांगितलं की अजून जरा निवू दे, नाहीतर फाटेल.

नाटकातलं मला फार आठवत नाही. तिसऱ्या अंकात पदर बाजूला झाला तेव्हा बायकांच्या बाजूने एकच हुंकार उठला हे आठवतं. सोयरू भरल्या पोटाने फार सुंदर रडला. मी आईकडे बघत होते. सगळं गाव त्या हाताकडे बघत असताना ती एकटी मान वळवून देवाच्या दारातल्या समईकडे बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी वाड्यावरची एक म्हातारी नटीसाठी भिरंडेलाचा गोळा घेऊन आमच्या दारात आली, आणि मास्तरांनी भाईच्या पाठीवर हात ठेवला.

मग राज्य झालं. डिचोलीच्या बाजारात पेढे वाटले, फटाके वाजले. बाबांना वेगळाच आनंद झाला. ते भाईला समजावत बसले की आता सगळ्या गोव्यातल्या कचेऱ्यांचे बोर्ड नव्याने रंगवायला लागतील, पेंटरांना मरेपर्यंत काम आहे, आणि असल्या वेळी कोणी गोवा सोडतं का. कुठल्या भाषेत रंगवायचे ते ठरेपर्यंत तर दोनदा रंगवावे लागतील, हेही त्यांनी जोडलं. भाई हसला आणि मृगाच्या आधी मुंबईला गेला. आईने त्याच्या पिशवीत सोलांची पुरचुंडी आणि भिरंडेलाचा गोळा घातला. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती लगबगीने अंगणात गेली आणि सोलं आत घ्यायला लागली. आभाळ तर स्वच्छ होतं.

तो पहिली काही वर्षं चतुर्थीला यायचा. मग एका वर्षाआड, मग काम सोडून निघता येत नाही असे निरोप. काम त्याला खरंच खूप होतं. नाटकं, मालिका, सिनेमे. पडद्यावर कुणाचं डोकं फुटलं, कुणी भाजलं की आमच्या घरात सगळे कथेचं सोडून जखमेकडे बघायचे आणि ही मधूची असेल का यावर वाद घालायचे. त्याने आयुष्यात किती लोकांना भाजलं असेल कोण जाणे. एवढ्या हातांत माझा हात त्याच्या लक्षात असेल का, हे मला त्याला विचारायचं होतं. फोनवर असलं काही विचारता येत नाही. फोनवर आपण जेवलास का विचारतो.

माझं लग्न होऊन मी डिचोलीला आले. दर वैशाखात माहेरी गेले की दुपारची जेवणं झाल्यावर आई करवंटी घेऊन सोप्यावर बसायची. आधी स्वतःच्या टाचांना लावायची आणि मग माझा डावा हात ओढून घ्यायची. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, जिथे ती खोटी जखम होती तिथेच, बाहेरून आत. पहिल्या वर्षी मला हसू आलं. पुढे एकदा मी म्हटलं की आई, तिथे काही नाही गं.

"माका खबर आसा," ती म्हणाली आणि लावत राहिली.

तिचं डोकं शेवटपर्यंत लखलखीत होतं. देवळाच्या वर्गणीत कोण टाळाटाळ करतो तेसुद्धा तिच्या ध्यानात असे. तेव्हा विसरभोळेपणाने ती असं करायची असं मी म्हणू शकत नाही. भाईचं नाव ती फारसं घेत नसे. येतो का, फोन आला का, असं विचारायची तिला सवय नव्हती. वर्षातून एकदा माझ्या हाताला लावायची, झालं. गेल्या वैशाखात ती गेली तेव्हा अंगणात सोलं वाळत होती. भाई पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तो आला, क्रियेपुरता माणसांच्या गर्दीत बसला आणि गेला. आम्हाला बोलायला मिळालं नाही.

यंदा वर्षश्राद्धाला तो आला. केस पिकलेले, पाठ किंचित वाकलेली, बोटं मात्र तशीच लांब. ब्राह्मण जेवून गेले, पाहुणे पांगले, आणि आम्ही दोघं सोप्यावर जनेलापाशी बसलो. मी सोयरूची गोष्ट काढली. भाई हसला. कुठल्या पेजेचं बोलतेस असं काही त्याने विचारलं नाही. आईची करवंटी कोनाड्यात होती तिथेच होती. गोळा झिजून सुपारीएवढा उरलेला. त्याने उठून ती आणली, वास घेतला. आता हा टाचांना लावणार असं मला वाटलं.

त्याने माझा डावा हात ओढून गुडघ्यावर घेतला आणि उजेडाकडे वळवला. गोळा दोन बोटांत चोळून मऊ केला. आई दर वर्षी मला लावायची हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी दारात उभं राहून त्याने तिला एकदाच लावताना पाहिलं होतं. तो खाली मान घालून कडेकडेने लावायला लागला, बाहेरून आत, अगदी हळू. जागा कुठली ते मी त्याला दाखवलं नव्हतं.